आकडा उतरत होता

पावरी बोलणारं माणूस हवं असलं की धुळ्यात अजूनही कुणीतरी माझं नाव सुचवतं. मी पावरा आदिवासी नाही. वडील वनखात्यात नाकेदार होते आणि माझं सगळं लहानपण सातपुड्याच्या पायथ्याला एका नाक्यावर गेलं. आसपास पावऱ्यांच्या पाड्यांखेरीज वस्ती नव्हती, त्यामुळे मोहाची फुलं वेचायला ज्या मुलींबरोबर जायचे त्यांची भाषा मला आपोआप आली. पुढे टेलिफोन खात्यात नोकरी लागली, धुळ्याच्या एक्स्चेंजमध्ये उभा जन्म गेला, पण ती भाषा काही गेली नाही. म्हातारपणी ती कोर्टाच्या कामाला येऊ लागली.

यंदा मे महिन्यात आलेलं काम रुपलीच्या साक्षीचं होतं.

रुपलीचा धाकटा भाऊ सुकलाल, प्रेमराज नावाच्या बागायतदाराच्या केळीच्या मळ्यात कामाला होता. विहिरीवरची मोटार चोरीला गेली आणि संशय सुकलालवर आला. त्याला पंपाच्या खोलीत कोंडून पाइपने मारलं, त्यातच तो गेला. रुपली त्या दुपारी त्याची भाकरी घेऊन मळ्यात गेली होती. दारातून तिने सगळं पाहिलं. मळ्यातले बाकीचे मजूर आपण त्या दिवशी कामावरच नव्हतो असं सांगून मोकळे झाले होते. पाइप कुणाच्या हातात होता हे सांगणारी ती एकटी उरली होती, आणि सगळा खटला तिच्या त्या एका वाक्यावर उभा होता.

तिला प्रेमराजसमोर उभं राहावं लागू नये म्हणून साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सवर घ्यायचं ठरलं. न्यायाधीश, वकील, आरोपी जिल्ह्याच्या कोर्टात. रुपली आणि मी डोंगराकडच्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी इमारतीतल्या मागच्या खोलीत.

मी सकाळीच जाऊन बसले. खोलीचा ताबा नवीनकडे होता. नवीन मूळचा जामनेरचा, तिशीतला, कंत्राटावर काम करणारा. भिंतीवर मोठा पडदा, त्याच्यावर कॅमेरा, आणि खाली लाकडी कपाटात ते सगळं चालवणारा काळा डबा. आधीचा डबा चोरीला गेला होता म्हणून कपाटाला कुलूप. कुलूपबंद कपाटात डबा गुदमरतो म्हणून नवीनने कपाटाची मागची फळी काढून टाकली होती आणि कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं होतं. डब्यावर त्याने तापमापकाची तार चिकटवली होती, दूध डेअरीत असते तसली, आणि तिचा आकडा कपाटाच्या बाहेर लाल अक्षरांत दिसत होता.

“अक्का, ह्याच्यावरच माझा जीव टांगलेला असतो,” तो म्हणाला. “उन्हाळ्यात माणसापेक्षा ह्याला जपावं लागतं. पन्नासच्या आत असला की काळजी नाही. वर गेला की हा कुणाला विचारत नाही, सरळ बंद पडतो.”

मला हसू आलं. आमच्या एक्स्चेंजमध्येही तेच होतं. मे महिन्यात आम्ही बायका पुठ्ठ्याने वारा घेत कॉल जोडायचो आणि भिंतीपलीकडे यंत्रांच्या खोलीत गारवा असायचा. साहेब लोकांची बायकामुलं धुळ्याचं ऊन सोसत, पण यंत्राला ऊन लागता कामा नये. जेवणाच्या सुट्टीत आम्ही काहीतरी निमित्त काढून त्या खोलीत शिरायचो. तिथला मेकॅनिक डोळे मिटून उभा राही आणि नुसत्या आवाजावरून कुठली रांग तापली आहे ते सांगे. आकडे बघायला वेगळी माणसं होती.

खोलीची झाडलोट आणि पाणी भागाबाईकडे होतं. ती माझ्याच वयाच्या आगेमागे, अहिराणी बोलणारी. तिने पश्चिमेच्या खिडकीवर भिजवलेलं तरट लावलं होतं, दारात पाणी शिंपडलं होतं, आणि माठावर ओला पंचा घट्ट गुंडाळून ठेवला होता. हाताला लागेल ते गार करायचं ही तिची सवय. खानदेशात जन्म काढलेल्या कुठल्याही बाईची असते.

रुपली आणि तिचा बाप वेस्ता आले तेव्हा ऊन चढलं होतं. बरोबर एक पोलीस शिपाई होता, तो फाटकाजवळच्या सावलीत जाऊन बसला. वेस्ताचीही साक्ष पुढे व्हायची होती, म्हणून त्याला आत बसता येत नव्हतं. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला. रुपली आत आली, कोपऱ्यात उभी राहिली. मी तिच्याशी पावरीत बोलले तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती लहान होती. तिने विचारलं की प्रेमराज ह्या पडद्यातून आपल्याला बघू शकेल का. मी खरं तेच सांगितलं, की बघू शकेल. ती म्हणाली, बघू दे.

पडदा उजळला. आधी माझी शपथ झाली, मग तिची. सरकारी वकील शांतपणे विचारत होते, ती शांतपणे सांगत होती. सुकलाल कधीपासून मळ्यात होता, त्या दिवशी भाकरीबरोबर काय नेलं होतं, पंपाची खोली कुठे आहे. मी वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत होते. तिचा आवाज बारीक होता पण अडखळत नव्हता. न्यायाधीशबाई मधूनच तिला पाणी घ्यायला सांगत.

ती पंपाच्या खोलीच्या दारापर्यंत आली आणि एसी बंद पडला.

व्होल्टेज उतरलं होतं. पडदा आणि डबा इन्व्हर्टरवर होते, ते चालू राहिले, पण खोली बघता बघता तापली. लाल आकडा चढू लागला. सेहेचाळीस, सत्तेचाळीस. नवीन कोर्टाशी बोलला आणि न्यायाधीशबाईंनी थोडा वेळ कामकाज थांबवलं. नवीनने व्हरांड्याकडची खिडकी सताड उघडली. पश्चिमेच्या खिडकीतून नुसती झळ आली असती. सावलीची बाजू तेवढी एकच होती. मग तो भागाबाईला म्हणाला, “मावशी, लक्ष ठेवा जरा, डबा तापतोय,” आणि वीज बघायला मीटरच्या खोलीकडे गेला. मी रुपलीला घेऊन मागच्या नळावर गेले. तिने तोंडावर पाणी मारलं.

आम्ही परत आलो तेव्हा व्हरांड्यात वेस्ताशेजारी एक माणूस येऊन बसला होता. पांढरा सदरा, खांद्यावर स्वच्छ रुमाल, पायांत कोऱ्या चपला. रुपली दारातच थबकली. मी विचारलं कोण, तर ती म्हणाली, नवल. प्रेमराजचा भाऊ.

मी फाटकापाशी जाऊन शिपायाला सांगितलं. त्याने तिथूनच बघितलं. तो म्हणाला, तलाठ्याकडे काम आहे म्हणतो, सरकारी बाक आहे, उठवू कसा? नवलने आमच्याकडे बघून नमस्कार केला.

नवीन परत आला. एसी सुरू होणार नव्हता. पण आकडा बघून त्याचा चेहरा खुलला. बेचाळीस. खिडकीने काम केलं, तो म्हणाला. त्याने अंगठा वर करून मला दाखवला आणि कोर्टाला कळवलं की आम्ही तयार आहोत.

रुपली पुन्हा पडद्यासमोर बसली. तिची पाठ आता खिडकीकडे होती.

सरकारी वकिलांनी विचारलं, दारातून काय दिसलं. ती सांगू लागली. सुकलालचे हात कशाने बांधले होते. तो कुणाला हाका मारत होता. मी सांगत गेले. खिडकीबाहेरचं बोलणं थांबलं होतं. बाहेर कुणी खोकत नव्हतं, चप्पल घासत नव्हतं. आतला शब्द न् शब्द बाहेर जात होता.

कपाटातून एक आवाज येऊ लागला होता. आधी गुणगुण, मग घरघर, मग पंखा जिवाच्या आकांताने फिरावा तसा. मी दोन वाक्यांच्या मध्ये नवीनकडे पाहिलं आणि कपाटाकडे बोट केलं. त्याने आकड्याकडे बोट केलं. एकेचाळीस. चाळीस. आकडा उतरत होता. आकडा उतरतो आहे म्हटल्यावर मीही पुढे काही म्हटलं नाही. शपथेवर बसलेल्या दुभाष्याला स्वतःचं असं काही बोलताही येत नाही.

“तुमच्या भावाला पाइपने मारणारा माणूस,” सरकारी वकील म्हणाले, “आज या कोर्टात हजर आहे का? नीट बघून सांगा.”

कोर्टातला कॅमेरा हळूहळू फिरला. बाकं, काळे कोट, एक पोलीस, आणि कठड्यामागे प्रेमराज. मी प्रश्न पावरीत सांगितला. रुपली उठून उभी राहिली. पडद्यापाशी गेली आणि बोटाचं टोक त्याच्या छातीवर टेकवलं. हा, ती म्हणाली. हाच प्रेमराज. पाइप ह्याच्या हातात होता. सुकलाल पडला तरी हा मारत होता. ती इतकं मोठ्याने बोलली की मला पुढे वाकावं लागलं नाही. मी ते सगळं मराठीत सांगितलं, तितक्याच मोठ्याने.

पडद्यावर कुणीच हललं नाही. लिहून घेणाऱ्याची बोटं कीबोर्डवर अधांतरी होती. प्रेमराजचा डोळा अर्धवट मिटलेला तसाच राहिला होता. मला वाटलं सगळे स्तब्ध झाले आहेत. मग पडदा काळा झाला आणि कपाटातली घरघर एकदम थांबली.

नवीनने किल्ली काढून कपाट उघडलं. आतून भट्टीसारखी वाफ आली. काळ्या डब्यावर ओला पंचा होता, नीट दुहेरी घडी घातलेला, चारी बाजूंनी खाली सोडलेला. डब्याच्या कडेच्या ज्या जाळ्यांतून गरम हवा बाहेर पडायची, त्या त्याने झाकून गेल्या होत्या. आणि तापमापकाची तार त्या ओल्या कापडाखाली गार पडली होती. नवीन मघापासून बघत होता तो आकडा डब्याचा नव्हताच. पंच्याचा होता.

भागाबाई दारात उभी होती.

“तपी गये व्हतं ना ते,” ती म्हणाली. “तू सांग्यं, ध्यान ठेव. म्हनीसन मांगून हात घालीसन ओला पंचा टाकी दिधा. माठवर टाकतस तसा.”

नवीनने पंचा उचलला. तो तिला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, कारण ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग तो पंचा त्याच्या हातातून घेऊन, कुणी बघू नये असा पदराखाली धरून निघून गेली. माठाला जे गार करतं ते डब्याला का मारतं, हे तिला त्या क्षणी कुणी समजावून सांगायला हवं होतं. मलाही सुचलं नाही. मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते.

नवीनने मोबाइलवरून कोर्टाशी बोलणं केलं आणि फोन ठेवून माझ्याकडे वळला. त्यांच्याकडे चित्र प्रश्नाच्या शेवटीच गोठलं होतं. आवाजही. रुपली खुर्चीतून उठताना दिसली, एवढंच. डबा निवला की तोच प्रश्न पुन्हा विचारणार होते.

“म्हणजे तिने सांगितलेलं त्यांनी ऐकलंच नाही?” मी विचारलं.

“नाही, अक्का. इथे ऐकलं तेवढंच.”

इथे म्हणजे त्याने, मी, भागाबाईने. आणि खिडकीबाहेर.

मी रुपलीला सांगितलं. तिला आधी ते कळलंच नाही. ती पुन्हा पुन्हा विचारत होती की मी सांगितलं की, तुम्हीही सांगितलं की. मग कळलं तेव्हा ती खाली फरशीवर बसली, खुर्चीला पाठ लावून.

बाहेर नवल बोलू लागला. वेस्ताशी, अगदी घरच्यासारखा. पाऊस तरी वेळेवर होईल का, शेळ्या किती आहेत, गुडघा दुखतो का. वेस्ता हं हं करत होता. मी खिडकी लावायला उठले. नवीन म्हणाला, अक्का, लावू नका, खोलीतली हवा हलली नाही तर डबा निवायचा नाही. मी म्हटलं, नाही निवला तरी चालेल. मी कडीला हात घातला तर रुपली खालून म्हणाली, राहू द्या. तो माझ्या बापाला काय सांगतो ते मला ऐकायचं आहे.

खिडकी उघडी राहिली.

“आबा, तुम्हनी पोरगी बारीक बोलस असं लोके सांगतस,” नवल म्हणाला. “पन आठेलोंग बठ्ठं आयकू उनं.”

बाकापर्यंत सगळं ऐकू आलं, असं तो सांगत होता.

“तिना पोऱ्या, बबलू ना? दुपारले पाटचारीवर न्हावाले जास तो. मी रोज देखस. एकलाच जास. पानी खोल शे तठे, आबा. ध्यान ठेवा.”

एवढंच. आवाज चढला नाही, की कठोर झाला नाही. मग त्याने भागाबाईला हाक मारून वेस्ताला गार पाणी द्यायला सांगितलं.

मी तशीच बाहेर गेले, शिपायाला बाजूला घेतलं आणि ऐकलेलं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, बाई, यात धमकी कुठली? पोराला पाण्यात एकटं सोडू नका म्हणाला. मी लिहू काय? मी म्हटलं, तुला कळतं आहे काय लिहायचं ते. त्याने नजर फिरवली. कळत होतं त्याला.

लहानपणी आमच्या नाक्यावर ठेकेदाराची माणसं येत. वडिलांच्या तब्येतीची चौकशी करत, मला गोळ्या देत. ती गेली की आई दाराला आडणा घाली आणि दिवसभर मला अंगणात जाऊ देत नसे. इतक्या वर्षांत रस्ते झाले, वीज आली, पडद्यावर कोर्ट आलं. बोलण्याची ती रीत मात्र मला पहिल्या शब्दाला ओळखू आली.

नवीनने डबा कपाटातून काढून टेबलावर ठेवला होता, चारी बाजू मोकळ्या, समोर टेबल फॅन. आता आकडा खरा होता आणि खरोखर उतरत होता. तो डब्याला तळहात लावून बघत होता, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. रुपली डब्याकडे बघत नव्हती, खिडकीकडेही नाही. तिने एकदाच मला विचारलं, किती वाजले. मी सांगितलं. तिने बाहेर फरशीवर पडलेल्या उन्हाकडे पाहिलं.

मी तिला म्हटलं, तू एकदा सांगितलं आहेस, तेच पुन्हा सांगायचं आहे. मी कोर्टाला त्याचं बोलणं कळवते. पोलीस बबलूकडे जातील. ती म्हणाली, कधी जातील? फाटकावरचा शिपाई दोघींनाही दिसत होता.

पडदा उजळला. चित्र आधीपेक्षा स्वच्छ होतं. न्यायाधीशबाई काही म्हणायच्या आत मी उभी राहिले आणि सांगितलं, की गोठलेल्या वेळात साक्षीदाराने उत्तर दिलं होतं, आणि नंतर खिडकीबाहेरून आरोपीचा भाऊ तिच्या मुलाबद्दल बोलला. आरोपीचे वकील लगेच उठले. त्यांचं म्हणणं, दुभाषीच साक्ष देऊ लागल्या आहेत. न्यायाधीशबाईंनी त्यांना बसवलं आणि मला म्हटलं, “जे कोर्टाच्या कानावर आलं नाही ते नोंदीत येणार नाही. पण दुसरी गोष्ट मी साक्षीदाराला विचारते.”

त्यांनी रुपलीला विचारलं, कुणी तुम्हाला किंवा वडिलांना भीती घातली का. त्यांचा आवाज मऊ होता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी नवीनला खिडकी लावायला आणि व्हरांडा मोकळा करायलाही सांगितलं. नवीनने खिडकी लावली. काचेतून दिसलं, नवल आधीच उठला होता आणि रुमाल झटकत फाटकाकडे चालला होता, सावकाश, डोंगराकडच्या, पाटचारीच्या रस्त्याकडे तोंड करून.

रुपलीनेही ते पाहिलं.

नाही, ती म्हणाली. कुणी नाही. त्याने बापाला पाणी दिलं.

मी तेच सांगितलं.

मग पुन्हा तो प्रश्न आला. कॅमेरा पुन्हा बाकांवरून फिरला, आणि कठड्यामागच्या प्रेमराजवर थांबला. त्याच्या ओठावरचा घामही दिसत होता. रुपली उठली नाही. बसल्या जागेवरून ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तोही तिच्याकडे. न्यायाधीशबाईंनी कॅमेरा आणखी जवळ आणायला सांगितला. सगळा पडदा त्या चेहऱ्याने भरला.

“ती म्हणते,” मी म्हणाले, “तो माणूस इथे दिसत नाही.”

सरकारी वकील बराच वेळ हातातल्या कागदाकडे बघत होते. न्यायाधीशबाईंनी तिला पुन्हा विचारलं, आणखी एकदा विचारलं. मी तिन्ही वेळा तेच वाक्य मराठीत सांगितलं.

सही-अंगठ्याचं काम उरकेपर्यंत ती दाराकडे तोंड करून उभी होती. प्रवासभत्ता घ्यायचा आहे, थांब, असं नवीनने म्हटलं तेव्हा ती व्हरांड्यात पोचली होती. चपला बाकाखालीच राहिल्या. वेस्ता त्या हातात घेऊन तिला हाका मारत निघाला, पण ती थांबली नाही. दुपारच्या उन्हात फुफाटा झालेल्या रस्त्यावरून, पदर कमरेला खोचून, ती पाटचारीच्या दिशेने पळत होती.